सोडून दिलेली गणितं

तांबोळी सरांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, "मल्लिनाथराव, अक्षताचा नंबर वाढलाय का हो?"

मी चष्मेवाला. बार्शीच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान. नंबर म्हटलं की मला एकच नंबर कळतो. "नाही हो सर," मी म्हणालो, "दिवाळीतच तपासलाय. पाऊण होता, पाऊणच आहे."

"म्हणजे फळ्यावरचं दिसतंय, पेपरातलं दिसतंय. मग हे काय आहे?"

मी पानं उलटली. पहिली दोन पानं टापटीप भरलेली. तिसऱ्या पानावर प्रश्नाचा क्रमांक लिहिलेला आणि खाली सगळं कोरं. पुढच्या पानावरही तसंच. शेवटी लाल शाईत जो आकडा होता, तो बघून मी पान पुन्हा मिटलं.

"चुकलेलं गणित मला दुरुस्त करता येतं," सर म्हणाले. "जे सोडवलेलंच नाही त्याला मी काय करू? सहामाहीला ही पोरगी शाळेत पहिली होती. पूर्वपरीक्षेत वर्गात एकविसावी. नुसतं गणितच नाही, विज्ञानातही तेच. घरी काही..." एवढं बोलून ते थांबले, कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "म्हणजे दडपण वगैरे. दहावीचं वर्ष आहे."

ते का थांबले ते मला कळलं. सगळ्या गल्लीला माहीत होतं तसं त्यांनाही माहीत होतं, की दिवाळीनंतर मी अक्षताच्या आईशी लग्न केलं होतं.

अक्षताची आई, सुवर्णा, पोस्टात खिडकीवर बसायची. मी काचा बसवून घ्यायला फ्रेमा सोलापूरला पार्सलनं पाठवायचो, त्यामुळं आठवड्यातून दोनदा तरी गाठ पडायची. तिचे यजमान उमेशराव जाऊन सहा वर्षं झाली होती. मी त्रेचाळिशीचा, दोन बहिणींची लग्नं करता करता माझं राहूनच गेलेलं. कुणी पुढाकार घेतला हे आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही. देवळात दहा-बारा माणसांसमोर लग्न झालं आणि मी दुकानामागच्या खोलीतून एक ट्रंक आणि एक गादी घेऊन तिच्या घरी राहायला आलो. घर तिचं स्वतःचं होतं आणि अक्षताची शाळाही जवळ होती.

अक्षता माझ्याशी वाईट वागली असं एकदाही झालं नाही. पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, दार उघडायची. फक्त मला कशानंच हाक मारायची नाही. जेवायला बोलवायचं असलं तर दाराशी येऊन "पानं वाढलीत" म्हणायची, भिंतीला सांगितल्यासारखं. मीही तिला काही विचारायला बिचकायचो. सोळा वर्षांच्या मुलीशी काय बोलतात ते मला ठाऊक नव्हतं.

"रागावू नका तिला," सर मला दारापर्यंत सोडायला आले. "नुसतं जरा जवळ बसत जा." आणि कशासाठी कुणास ठाऊक, त्यांनी पूर्वपरीक्षेच्या बीजगणिताचा एक जादा पेपर माझ्या हातात दिला. मी तो घडी घालून खिशात ठेवला.

घरी सांगितल्यावर सुवर्णानं कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून आमच्या घरात दहावी आहे की कुणी आजारी आहे तेच कळेना. केबलची वायर निघून कपाटावर गेली. कुकरच्या शिट्ट्या अक्षताच्या अभ्यासाच्या वेळा बघून व्हायला लागल्या. शेजारच्या शेटेवहिनी रोज सकाळी भिजवलेले बदाम आणून द्यायच्या आणि पाय न वाजवता परत जायच्या. बहीण-मेव्हणे भेटायला आले, तर त्यांना आम्ही अंगणातच चहा दिला.

"नव्वदच्या खाली आली तर लातूरच्या त्या कॉलेजात कुणी विचारणार पण नाही," सुवर्णा ताटावर बसून सांगायची. "नागेशनं वसतिगृहात शब्द टाकून ठेवलाय. पोरांच्या रांगा लागतात तिथं."

नागेश म्हणजे तिचा भाऊ. लातूरला त्याचं औषधांचं दुकान होतं. अकरावी-बारावी लातूरला, मग पुढं डॉक्टरकी, असं सगळं ठरलेलं होतं. अक्षता मान खाली घालून भाकरी मोडत राहायची. ना हो, ना नाही.

त्यात शेजारी बांधकाम निघालं. दिवसभर फरशी कापायचं यंत्र. शेवटी सुवर्णानंच तोडगा काढला. "शाळा सुटली की दुकानात जात जा. मागची खोली शांत आहे. मी पोस्टातून येताना तुला घेऊन येईन."

दुकानाची मागची खोली म्हणजे डोळे तपासायची. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची, कोपऱ्यात एक टेबल. टेबल अक्षताला दिलं. ती वही उघडून बसायची आणि मी पुढं गल्ल्यावर. दुपारी गिऱ्हाईक नसतं. सर म्हणाले होते जवळ बस, पण जवळ बसून करायचं काय? मी आत जाऊन विचारायचो, "चहा?" ती म्हणायची, "नको." संपलं.

एके दिवशी मी तो खिशातला पेपर काढला, स्टूल आत नेलं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून गणितं सोडवायला लागलो.

तिनं बराच वेळ दुर्लक्ष केलं. मग न राहवून विचारलं, "काय करताय?"

"गणित."

"कशाला?"

"मला दहावीला गणितात पस्तीस होते. त्यातले दोन-तीन तपासणाऱ्यानं पदरचे घातले असणार. म्हटलं, आता तरी येतंय का बघावं."

ती परत वहीत घुसली. मी पहिलं समीकरण मांडलं. उत्तर काही जुळेना. खोडलं, परत मांडलं, परत तेच. तिसऱ्यांदा खोडायला लागलो तेव्हा समोरून एकदम आवाज आला.

"अहो, चिन्ह! बाजू बदलली की चिन्ह बदलायचं! किती वेळा तेच लिहिताय?"

आमच्या घरात मी राहायला आल्यापासून तिनं माझ्यासमोर एवढ्या मोठ्यानं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी घाईघाईनं चिन्ह बदललं. उत्तर आलं.

"आलं की!" मी ओरडलो.

"यायलाच पाहिजे. आठवीचं आहे ते," ती म्हणाली. पण तिनं खुर्ची थोडी जवळ ओढली.

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. मास्तरीण म्हणून ती भयंकर होती. मी चूक केली की डोळे मिटून दहा आकडे मोजायची, मग दात ओठ खात म्हणायची, "परत वाचा. काय दिलंय? काय काढायचंय?" मला पाढे धड येत नाहीत हे कळल्यावर तिनं सतरा ते पंचवीसचे पाढे लिहून आणायला सांगितले. मी गल्ल्यावर बसून पाढे लिहायचो आणि गिऱ्हाईक आलं की कागद झाकायचो. मला हाक मारायची पंचाईतही तिची तिनंच सोडवली. पुढं गिऱ्हाईक आलं की आतून आवाज द्यायची, "विद्यार्थी, पुढं कुणीतरी आलंय!"

एकदा वैरागकडच्या बब्रुवान मोऱ्यांचा नंबर काढत होतो. सत्तरीचा धिप्पाड गडी, आवाज रानात हाळी घातल्यासारखा. तक्त्यावरची खालची ओळ काही केल्या वाचता येईना, तर तक्त्यावरच चिडला.

"एवढी बारकी आक्षरं कुनी काडलीत? मान्सानं काडावं जरा मोटं!"

कोपऱ्यात अक्षताला हसू आवरेना. बब्रुवान वळून बघायला लागला. "ही लेक व्हय तुमची?"

मी भिंग बदलायच्या निमित्तानं खाली बघितलं.

तो पुढं म्हणाला, "मगाधरनं ऐकतुय मी भाईर बसून. बापाला लई झापती हो!"

मी दुरुस्त केलं नाही आणि तिनंही नाही. ती फक्त माझ्यापुढचा कागद ओढून म्हणाली, "सतराचा पाढा चुकलाय."

आठवडाभरात पेपरातले पहिले तीन प्रश्न माझे झाले. चौथ्यात एक गणित होतं. दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज नऊ, अंकांची अदलाबदल केली तर संख्या सत्तावीसनं वाढते, तर मूळ संख्या कोणती. मी अर्धा तास त्याच्याशी झटापट केली.

"सोडा," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. "दशक एक्स, एकक वाय. बेरीज नऊ. संख्या दहा एक्स अधिक वाय. आता उलटी करा. वजा केली की नऊ बाहेर काढा. वाय वजा एक्स बरोबर तीन. संपलं. छत्तीस." आणि पेन टेबलावर आपटून माझ्याकडं बघत म्हणाली, "काय अवघड होतं यात?"

मी त्या कागदाकडं बघत राहिलो. हेच गणित. शाळेत सरांनी दाखवलेल्या उत्तरपत्रिकेत तिसऱ्या पानावर ह्याच प्रश्नाचा क्रमांक होता आणि खाली कोरं पान. जे सोडवायला तिला चहा गार होण्याइतका वेळ लागला नाही, त्याला तिनं परीक्षेत हातच लावला नव्हता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग त्या दिवशी का नाही सोडवलंस?"

तिचा चेहरा बदलला. तिनं वह्या गोळा केल्या, दप्तर खांद्याला लावलं आणि आई यायच्या आधीच एकटी घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फरशी कापायच्या आवाजात, कानात कापूस घालून घरीच बसली. जेवताना परत भिंतीला सांगितल्यासारखं, "पानं वाढलीत." मला वाटलं, जेवढं कमावलं होतं तेवढं सगळं एका प्रश्नात घालवलं. ह्या मुलीला माझं ह्या घरात येणं सहन होत नाहीये, आणि ती ते कुणाला सांगूही शकत नाहीये, आणि म्हणून पेपर कोरे जातायत, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. ट्रंक घेऊन परत दुकानामागं राहायला जावं का, इथपर्यंत माझा विचार गेला. निदान परीक्षा होईपर्यंत तरी.

रविवारी बब्रुवानचा चष्मा पोचवायचा होता. त्याचा निरोप आला होता, हुरडा आलाय, बसून खाऊन जा, लेकीला घेऊन या. मी स्कूटर काढली आणि सुवर्णाला म्हणालो, "अक्षताला नेतो."

"कुठं? हुरडा खायला?" सुवर्णाच्या हातातलं लाटणं थांबलं. "बोर्ड तोंडावर आलंय आणि तुम्ही पोरीला रानात घेऊन चाललाय?"

"दोन तासांत येतो."

"दोन तासांत एक धडा होतो!"

लग्न झाल्यापासून मी तिच्या घरात तिच्या शब्दाबाहेर गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. "न्यायचं आहे मला," एवढंच म्हणालो. सुवर्णा बघतच राहिली. अक्षतानं मुकाट्यानं ओढणी डोक्याला गुंडाळली आणि मागं बसली.

माघाची थंडी अजून गेली नव्हती. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. बब्रुवाननं आगटी पेटवून ठेवली होती. नवा चष्मा त्यानं डोळ्यावर चढवला, घडी घातलेलं जुनं वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. चार ओळी वाचून थांबला. "आरं, हे तर मागच्या म्हैन्याचं हाय! इतके दीस मी आजचं म्हनून बघत हुतो." अक्षता हसून हसून खाली बसली. त्यानं तिला भाजलेली कणसं हातावर चोळून हुरडा कसा काढायचा ते दाखवलं. गरम कणसानं तिचे तळवे लाल झाले तरी ती थांबेना. शेंगादाण्याची चटणी, दही, गूळ, आणि ढीगभर हुरडा. बब्रुवान बैलांना पाणी दाखवायला गेला तेव्हा आम्ही दोघंच आगटीपाशी उरलो.

मी ठरवून आलो होतो. म्हणालो, "अक्षता, मी काही दिवस दुकानात राहायला जातो. परीक्षा होईपर्यंत. आईला काहीतरी सांगेन. तुझा अभ्यास होऊ दे नीट."

तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "तुम्ही का?"

"मी आल्यापासून तुझं बिनसलंय ना."

"तुमच्यामुळं कुठं बिनसलंय?" ती जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही बरे आहात."

मग बराच वेळ ती काडीनं राख उकरत बसली. मी तिथंच बसून राहिलो. सरांनी सांगितलं होतं जवळ बस, तेवढंच मला येत होतं.

"मला नापास नव्हतं व्हायचं," ती राखेकडं बघतच म्हणाली. "नव्वदच्या खाली यायचं होतं. हिशोब करून सोडली होती गणितं. पूर्वपरीक्षेत जमतंय का ते बघितलं. बोर्डातही तेवढीच सोडणार होते."

"का?"

"नव्वद पडले नाहीत तर लातूरला घेत नाहीत."

"तुला डॉक्टर नाही व्हायचं?"

"व्हायचंय की! पण मला असं घालवून दिलेलं नको होतं." तिनं हातातली काडी मोडली. "तुमचं सामान आलं ना, त्याच दिवशी आई मामाला फोनवर म्हणाली, अक्षूची लातूरची सोय लवकर करून टाक. लवकर करून टाक! आधी म्हणायची, बघू, बारावीपर्यंत इथंच राहा, मला करमायचं नाही. आता तिला करमतंय. आता मी नसले तरी चालतंय."

बब्रुवान तिकडून बैलांशी बोलत बोलत येत होता. मी घाईनं विचारलं, "आईला विचारलंस?"

"नाही."

"मी विचारू?"

"नको." मग थोड्या वेळानं, "विचारा. पण मी सांगितलं असं सांगायचं नाही."

"मग मला कुठून कळलं असं सांगू?"

तिनं विचार केला. "ते तुम्ही बघा. तुम्ही मोठे आहात."

परतताना बब्रुवाननं पिशवीभर हुरडा बांधून दिला. अख्ख्या रस्त्यात मी सुवर्णाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो आणि घरी पोचेपर्यंत एकही वाक्य धड जमलं नव्हतं.

संध्याकाळी सुवर्णा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. माझ्यावरचा राग गेला नव्हता, जुड्या जोरात सोडत होती. मी समोर बसलो आणि आडवळण काही सुचेना म्हणून सरळच विचारलं, "अक्षताला लातूरला पाठवायची एवढी घाई का करतेस?"

तिनं मान वर केली. मला वाटलं भडकणार. पण तिचे डोळे भरून आले.

"मी कुठं करतेय घाई? तिलाच नकोय इथं. लग्न ठरल्यापासून धड बोलत नाही माझ्याशी. आधी माझ्या शेजारी झोपायची, ते पण बंद केलं. बाप गेल्यावर आई दुसरं लग्न करते म्हटल्यावर ह्या वयात पोरीला काय वाटत असेल! रोज आपल्या दोघांची तोंडं कशाला बघायला लावायची तिला? म्हणून नागेशला म्हटलं, लवकर सोय कर. मला काय हौस आहे? तिच्याशिवाय मी एक दिवस..."

"मग मला विचारायचं ना!"

अक्षता दारात उभी होती. पिशवीतला हुरडा ताटात काढायच्या निमित्तानं कधी येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नव्हतं.

"शेजारी झोपायचं मी बंद केलं कारण तुझं लग्न झालं!" ती म्हणाली. "मी काय तुमच्या दोघांच्या मधे झोपायचं होतं?"

सुवर्णाचं तोंड उघडंच राहिलं. मी मेथीच्या जुडीत तोंड लपवलं.

मग सगळं बाहेर आलं. फोन, लातूर, नव्वद टक्के. सुवर्णा ऐकत होती, ऐकता ऐकता एका ठिकाणी अडकली. "थांब. थांब जरा. म्हणजे तुला ती गणितं येत होती?"

"हो."

"सगळी?"

"हो."

"आणि सोडवली नाहीस? मुद्दाम?" सुवर्णा उठून उभी राहिली. मेथीची काडी हातात उगारून म्हणाली, "अगं कार्टे, एकविसावा नंबर! मी पोस्टात तोंड लपवत फिरले! शेटेवहिनींचे एवढे बदाम खाल्लेस!"

"मला आवडत पण नाहीत बदाम!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि आधी कुणाला हसू फुटलं ते मला सांगता येणार नाही. हसता हसता रडल्या, रडता रडता परत भांडल्या. मी पाट उचलून हळूच बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं सुवर्णानं आतून कुकर लावल्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी त्यानं मनसोक्त शिट्ट्या केल्या.

जेवताना ठरलं. लातूर रद्द. बार्शीत कॉलेज आहे, इथंच अकरावी-बारावी करायची. नागेशला सुवर्णानं फोन करून सांगितलं. तो पलीकडून बराच वेळ ओरडत होता, ती नुसती "हं, हं" करत होती. वायर कपाटावरून खाली आली. रोज जेवताना अर्धा तास टीव्ही सुरू झाला.

परीक्षेपर्यंतचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. दुकानातली शिकवणी पुन्हा सुरू झाली. अक्षताचं म्हणणं, मला शिकवताना तिचं पक्कं होतं. बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिनं माझी परीक्षा घेतली आणि पन्नासला मला चौतीस दिले. "एक मार्क अक्षराला कापलाय," म्हणाली. मी तो कागद तांबोळी सरांना दाखवायला शाळेत घेऊन गेलो. सर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "पोरगी सुधारली का ते विचारायला मी तुम्हाला बोलवणार होतो," ते म्हणाले, "तर तुम्ही स्वतःचेच मार्क घेऊन आलात!"

पेपरच्या दिवशी परीक्षेच्या शाळेपाशी पालकांची ही गर्दी. कुणी कुंकू लावत होतं, कुणी शेवटच्या क्षणी सूत्रं विचारत होतं. एका मुलीला तर तिचे वडील दम देत होते आणि ती थरथरत होती. अक्षतानं ते बघितलं, त्या मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "चल, आपला नंबर एकाच मजल्यावर आहे." दोघी आत गेल्या. पेपर सुटल्यावर मी गेटवर होतो. तिनं लांबूनच दोन्ही हात वर करून हलवले. एकही गणित सुटलं नव्हतं, म्हणजे एकही राहिलं नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. त्र्याण्णव टक्के. शाळेत पहिली. नागेश दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं लातूरहून पेढे घेऊन हजर झाला. गल्लीतली माणसं येऊन गेली, शेटेवहिनींनी सगळ्यांना सांगितलं की हे बदामांचं यश आहे. दुपारी जरा शांत झाल्यावर नागेश उसासा टाकून म्हणाला, "एवढे मार्क, आणि बार्शीतच राहायचं म्हणे. जागा अजून मिळाली असती."

"मिळेल?" अक्षतानं विचारलं.

आम्ही तिघांनी तिच्याकडं बघितलं.

"मी जाते," ती म्हणाली. "लातूरला."

मलाच विचारावं लागलं, "अगं, पण तूच तर म्हणत होतीस..."

"तेव्हा मला पाठवत होते. आता मी जातेय." आणि मग आईचा हात धरून, जरा हळू आवाजात, "आई, आता माहितेय ना मला. सुट्टी लागली की घरीच यायचंय."

सुवर्णानं तिला जवळ घेतलं. नंतर डोळे पुसून उठली आणि लगेच न्यायच्या सामानाचं बोलायला लागली. तिला जाऊ नको म्हणणारा घरात मी एकटाच उरलो. लातूरला पाण्याची किती टंचाई आहे, खानावळीत भाजी कशी पाणचट असते, तिथली पोरं रात्रंदिवस अभ्यास करून कशी आजारी पडतात, बार्शीच्या कॉलेजात नवीन प्रयोगशाळा झालीय, सगळं मी एका दमात सांगितलं. प्रयोगशाळेचं तर मी ऐकलेलंसुद्धा नव्हतं.

अक्षतानं सगळं ऐकून घेतलं. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

जायच्या दिवशी सुवर्णाला रजा मिळाली नाही. ती सकाळीच भेटून, रडून पोस्टात गेली. नागेश लातूरला अक्षताला उतरवून घेणार होता. स्टँडवर मी तिची पेटी गाडीत चढवली, वळकटी वर ठेवली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो. पाणी घेतलंस का, एवढं तीनदा विचारून झालं.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"शनिवारी दुपारच्या गाडीनं येईन," ती ओरडली. "कधी कधी ती गाडी उशिरा येते म्हणतात. तुम्ही कंटाळून घरी जाऊ नका. इथंच थांबा!"

मी मान हलवली. शनिवारी दुकान अर्ध्या दिवसात बंद करून गेलो. गाडी खरंच उशिरा आली.